दर्यातलं गाऱ्हाणं

या, असे पुढे सरून बसा. मागे खांबाला टेकलेले भाऊही या. आज तुम्हाला मोठ्या बोटीवरची गोष्ट सांगणार आहे, आणि त्या बोटीवर दमून गेलेल्या एका बाईची.

धामापूरची दुर्गाकाकी ही घरची थोरली सून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दीर दाजी मुंबईत, त्यांची मुलंही तिकडेच. पण मूळ घरचा गणपती धामापूरला, म्हणून चतुर्थीला सगळी मुंबई दुर्गाकाकीच्या पडवीत उतरते. उतरते ती आरतीच्या वेळेला. नारळ खवायचे ते काकीने, वाटायचं काकीने, पंगती वाढायच्या त्याही काकीने. सगळ्यांची ढेकर ऐकून मग तिचं पान मांडायचं, तोवर उसळीत नुसता रस उरलेला.

गेल्या चतुर्थीला चुलीपुढून उठताना गुडघ्यांनी तिला जमिनीवर हात टेकायला लावले. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं, पुढल्या वर्षी हे एकटीच्याने व्हायचं नाही. सांगून टाकायचं. पण सांगायचं कधी? माणसं येतात, जेवतात, गाडी पकडतात.

दिवाळीनंतर दाजींच्या निहारने फोन केला. "काकी, आम्ही सगळे बोटीने लक्षद्वीपला चाललोय. तू पण चल. तुला आराम."

आरामापेक्षा काकीला दुसरंच सुचलं. दर्यात चौदा माणसं एका जागी. तिथून कोण गाडी पकडणार?

तर मंडळी, आराम असा झाला. काकीची खोली ठरली पोरांची खोली. ओले कपडे तिच्या न्हाणीत, हरवलेल्या चपला तिच्या खाटेखाली. पहिल्याच दिवशी बोट हलायला लागली आणि अर्धं घराणं आडवं झालं. काकीने पिशवीतून कोकमाचं आगळ काढलं, ओवा काढला, या दारातून त्या दारात फिरत राहिली. निहारची बायको अस्मिता उशीत तोंड घालून म्हणाली, "काकी, तुम्ही नसता तर मेलेच असते."

"मरूचा आसा तर घराक जावन मर. हयसर माका लादी पुसूक लावू नको," काकी म्हणाली.

सगळे बरे झाले ते नाचगाण्याला गेले. निहार-अस्मिताची छोटी श्रिया मात्र काकीकडेच. काकीने दोनदा विषय काढला. जेवणाच्या हॉलमध्ये ती म्हणाली, "दाजी, माका एक सांगूचा आसा," तोच दाजी तिसऱ्या आईस्क्रीमसाठी उठले. दुसऱ्या वेळी निहारनेच आधी तोंड उघडलं, "काकी, या चतुर्थीला माझे ऑफिसातले चौघे आणू? तुझ्या हातची उसळ खायचीय त्यांना." आणि काकीच्या तोंडातून निघालं, "हाड रे." आण म्हणाली ती! स्वतःच्याच जिभेचा तिला राग आला.

कीर्तनात आमचे बुवा सांगतात, देवाकडे मागायला लाजू नये. खरंच आहे. पण घरच्यांकडे मागताना ज्या बाईची जीभ टाळ्याला चिकटते, तिने कुठल्या देवळात जावं?

परतीची शेवटची संध्याकाळ. बोट आपल्या मुलखासमोरून चालली होती. किनारा दिसत नव्हता, पण दाजींनी पूर्वेकडे बोट दाखवून सांगितलं, "थंय आपली गावची भगवती आसा. गाऱ्हाणा घालूक व्हया." दाजींचं गाऱ्हाणं म्हणजे काय विचारता! एकाने देवीला खड्या आवाजात मागायचं आणि सगळ्या कुळाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा "व्हय" म्हटलं की सगळं कुळ त्याला बांधलं गेलं.

सगळे कठड्यापाशी गोळा झाले. चेकिंगवाल्यांनी नारळ आधीच काढून घेतलेला, म्हणून काकीच्या बटव्यातली सुपारी ठेवली. दाजींनी तोंड उघडलं तर नुसती हवा. आईस्क्रीम आणि गाण्यांनी गळा बसलेला.

"निहार, तू घाल," दाजी कुजबुजले.

"मला फक्त व्हय म्हाराजा येतं, पप्पा."

"शिकलंस तेवढाच कामाचा!" दाजी वहिनीकडे वळले. "वयनी, तू घाल गो. माझ्यापरास तुका बरा पाठ आसा."

"बायल माणसान?"

"देवी काय बाप्यो आसा? ती पण बायलच."

काकीने पदर सावरला.

"बये भगवती, म्हाराजा! तुझी लेकरां दर्यार आसत, तेंका सुखरूप घराक पावय."

"व्हय म्हाराजा!"

"निहाराच्या नोकरेक बरकत दी."

"व्हय म्हाराजा!"

"दाजीचो गळो बरो कर, आणि जिभेक थोडो आवर घाल."

हशा झाला. "व्हय म्हाराजा!"

काकी थांबली. समोर पाणी, मागे तेरा जणं, कोणी कुठे जाऊ शकत नव्हतं. तिने डोळे मिटले.

"आणि म्हाराजा, दुर्गेचे गुडघे ऱ्हवले. चतुर्थेचा आता तिच्यान येकटीन जमणा नाय. जे येतले ते आदल्या दिवशी येवंदेत, नारळ आपण खवूंदेत, भांडी आपण घासूंदेत, आणि दुर्गेक पयल्या पंगतीक बसवूंदेत."

"व्हय म्हाराजा!" मागचे सगळे एका दमात गरजले. सवयच तशी.

मग निहार हळूच म्हणाला, "थांबा. आपण आता कशाला हो म्हटलं?"

"रजा कशी मिळणार आदल्या दिवशी?" मागून कोणी पुटपुटलं.

दाजींनी घसा खरवडला. "तोंडातसून गेला. देवीच्या म्होरं. आता परत घेवक येता काय?" आणि वहिनीकडे न बघताच म्हणाले, "आधी कित्याक नाय सांगलंस गो?"

"सांगी होतंय," काकी म्हणाली. "तुमी खात होतात."

जिंकल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही तिला. एवढा दम कुठला? ती खुर्चीत बसली. श्रियाचा ओला फ्रॉक बदलायला अस्मिता आपणहून उठली. काकी सवयीने उठू लागली, पुन्हा बसली. जेवणाची घंटा झाली तेव्हा ती बसल्या जागी झोपली होती. निहार तिचं ताट घेऊन शेजारी बसून राहिला, उठवायचं की नाही ते न कळून.

मंडळी, चतुर्थी येतेच आहे. पाट मांडाल, आरती म्हणाल, मोदक मोडाल. पहिला घास उचलण्याआधी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघा, आणि आमच्या दुर्गाकाकीची आठवण ठेवा.