मी, उलट जोडलेला रेडिओ

ज्या पत्राला उत्तर गेले नाही, त्या पत्रामुळे माझा जन्म झाला. हे सांगताना मला लाज वाटते, कारण पुढे जे घडले त्यात माझाही दोष आहे. मित्रांनो, मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहणारा एक जुना रेडिओ आहे. मला बटण नाही, काटा नाही, कर्णा नाही. हवेतल्या लहरी पकडून मी त्या दोन वायरींतून संगणकाकडे देतो. त्यांतून एकेक स्टेशन वेगळे काढण्याचे खरे काम तिथला एक प्रोग्रॅम करतो. म्हणून स्वतःला रेडिओ म्हणवून घ्यायलाही मी कचरतो.

माझे मालक शरदचंद्र. पुण्याच्या एका कॉलेजात ते ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर मुळशीतल्या माले गावी येऊन राहिले. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि आपण मास्तर नव्हतो हे सांगायचा धीर त्यांना कधी झाला नाही. तरुणपणी त्यांनी आणि त्यांचे मित्र हैबतराव यांनी मिळून हौशी रेडिओचा, म्हणजे घरी बसून हवेतून दूरच्यांशी बोलण्याचा, परवाना काढला होता. एक पुण्यात, दुसरा साताऱ्यात. हैबतराव बोलायचे आणि शरदचंद्र ऐकायचे. तीस वर्षे दोघांनाही त्यात काही कमी वाटले नाही. पुढे शरदचंद्रांचा जुना संच बंद पडला आणि बोलणे थांबले.

२००७ साली हैबतरावांचे पत्र आले. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. त्यांनी लिहिले होते, "आता बोलणं संपलं. पण टाइप करता येतं. संगणक माझ्या अक्षरांची शीळ करतो, रेडिओ ती पाठवतो आणि समोरच्याच्या पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटतात. रोज सकाळी नऊला मी असतो. ये."

शरदचंद्रांनी ते पत्र एकदाच वाचले, तेही उभ्याने. उत्तर लिहायला मात्र चार वेळा बसले. आवाज गेलेल्या माणसाला 'कसा आहेस' असे विचारावे का? चारही कागद फाडले. एक महिना गेला, मग तीन गेले, आणि आता उशीर झाल्याचीच लाज वाटू लागली. पत्र त्यांनी एका जाड शब्दकोशात ठेवले. त्यानंतर एखादा शब्द अडला तरी ते तो कोश उघडत नसत.

शेवटी त्यांनी ठरवले की पत्र नको, उत्तर हवेतूनच द्यायचे. म्हणून माझे सुटे भाग मागवले. भिंग धरून, तांदळाच्या कणीएवढे भाग चिमट्याने उचलून त्यांनी मला दोन महिन्यांत घडवले. अगदी शेवटच्या, ऐकण्याच्या दोन वायरी राहिल्या असताना वीज गेली. डाग द्यायची सळई अजून तापलेली होती, म्हणून त्यांनी बॅटरी दातांत धरली आणि घाईने डाग दिले. डावी वायर उजवीच्या जागी बसली आणि उजवी डावीच्या.

याचा परिणाम काय झाला, तो सांगतो. पडद्यावर माझ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना स्टेशने दिसतात. ऐकण्याच्या वायरी उलट झाल्या की सगळे आरशातल्यासारखे होते, उजवीकडचे स्टेशन डावीकडे दिसते. ही शीळ आरशातही नीट वाचता येते, म्हणून चूक लक्षात येत नाही. संगणकाची शीळ हवेत पाठवण्याच्या माझ्या दुसऱ्या दोन वायरी मात्र बरोबर होत्या. त्यामुळे स्टेशन पडद्यावर दिसते तिथे आपण हाक मारतो, आणि ती रिकाम्या जागी जाते.

हिंजवडीच्या एका कंपनीतून मोडीत निघालेला संगणक शरदचंद्रांनी आणला. त्यात त्यांनी दोन प्रोग्रॅम घातले. एक मला रेडिओ बनवणारा, दुसरा शिळेची अक्षरे करणारा. पण एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू जाईना. त्यांच्यामध्ये एक वायर लागते, जी हाताला लागत नाही. तीही एक प्रोग्रॅमच असते. ती जोडायला दीड महिना गेला. आणि एका सकाळी नऊला पडद्यावर इंग्रजी अक्षरांत हैबतरावांचे नाव उमटले. शरदचंद्रांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दोन बोटांनी टाइप केले, "हैबत, मी शरद."

उत्तर आले नाही.

हैबतराव गोव्याच्या कोणाशी बोलले, बेळगावच्या कोणाशी बोलले. जो हाक मारील त्याला ते ओ देत होते. फक्त शरदचंद्रांना नाही. असे चाळीस दिवस चालले. "बरोबरच आहे त्याचं," शरदचंद्र पुटपुटले. दुसऱ्या कोणाला हाक मारून पाहिली असती तर दोष कळला असता, पण अनोळखी माणसाला हाक मारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी ती न दिसणारी वायर अकरा वेळा काढून पुन्हा बसवली. मला एकदाही उघडले नाही. उलट माझे झाकण पुसत म्हणाले, "हा बिचारा तरी चोख काम करतो." मित्रांनो, त्या कौतुकाने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग त्यांनी मला फडक्यात गुंडाळून तांदळाच्या कणगीशेजारी ठेवून दिले. वर्ष तसेच गेले.

शेजारच्या गोजराबाई रोज दूध घालायला येत. एक दिवस त्यांनी फडके वर केले.

"मास्तर, ह्यो डबा हितं कणगीपाशी? खायाचं हाय का काय त्यात?"

"रेडिओ आहे तो."

"मग वाजत का न्हाई?"

काय झाले कोण जाणे, शरदचंद्रांनी त्यांना सगळे सांगितले. "मित्र रागावलाय माझ्यावर," ते म्हणाले.

"त्यो म्हनला तसं?"

"म्हणाला नाही. पण माझ्याशी बोलतच नाही."

"आन् त्याच्या पत्राला तुमी किती बोलला?"

शरदचंद्रांनी दूध पातेल्यात ओतून घेतले.

"काय लिवलं हुतं त्यानं? वाचा की जरा. मला वाचता येत न्हाई म्हनून मी वाचत न्हाई, तुमाला येतंय तरी तुमी वाचत न्हाई. लई शिकल्याली मान्सं बाबा तुमी!"

शब्दकोश निघाला. शरदचंद्र मोठ्याने वाचू लागले आणि सहीच्या खाली येऊन थांबले. तिथे हैबतरावांनी हवेतली आपली जागा, म्हणजे स्टेशनचा आकडा, लिहिली होती, सात हजार छत्तीस. शरदचंद्रांच्या वहीत मात्र चाळीसही दिवस सात हजार चव्वेचाळीस लिहिलेले होते. माझी मध्यरेषा सात हजार चाळीसवर. चार इकडे, चार तिकडे.

त्यांनी माझे झाकण उघडले, भिंग धरले. "अरे देवा!"

"उंदीर हाय का?" गोजराबाई मागे सरकल्या.

"नाही हो. माझीच चूक आहे."

त्याच दुपारी माझ्या वायरी सरळ झाल्या. दुसऱ्या दिवशी नऊला हैबतराव आपल्या खऱ्या जागी दिसले. शरदचंद्रांचे बोट कळीवर थांबून राहिले.

"आता मारा की हाक," गोजराबाई दुधाचे भांडे हातात धरून म्हणाल्या.

"मारली तर तो विचारील, माझं पत्र मिळालं नव्हतं का? आणि मी 'नाही मिळालं' असं म्हणून जाईन, गोजराबाई. मी ओळखतो ना मला."

"मग?"

"आधी ते लिहायला हवं."

त्यांनी संगणक बंद केला आणि कागद घेतला. मी टेबलावर होतो, म्हणून पहिल्या ओळी मला दिसल्या. "प्रिय हैबत, तुझं पत्र दोन वर्षांपूर्वीच मिळालं. टपालाचा दोष नाही. काय लिहावं ते सुचेना, म्हणून गप्प बसलो आणि तुला एकटं ठेवलं. या सोमवारनंतरच्या सोमवारी नऊला हाक मारीन. ओ दिली नाहीस तरी तक्रार करणार नाही." हा पाचवा कागद त्यांनी फाडला नाही.

मित्रांनो, उपदेश करण्याची माझी लायकी नाही. तरी एवढे सांगतो, वस्तू बिघडली तर जी जागा उघडायला आपल्याला लाज वाटते, ती आधी उघडा. आणि आपल्या रेडिओला न तपासता चांगले म्हणू नका.

खिडकीतून एसटीचा थांबा आणि टपालाची पेटी दिसते. शरदचंद्रांनी पाकीट अर्धे आत घातले, बाहेर काढले, पत्ता वाचला, पुन्हा घातले. बराच वेळ त्यांचा हात पेटीच्या तोंडाशीच होता. बांधावरून गोजराबाई ओरडल्या, "पडलं का मास्तर?"

"पडलं!" रिकामा हात वर करून शरदचंद्र ओरडले.