धुऊन ठेवलेलं शंकूपात्र

शाळेच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं काचेची भांडी धुतली. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, शंकूपात्रं, लांबलचक ब्युरेट. इतक्या वर्षांत माझ्या हातून फुटल्या फक्त तीन परीक्षानळ्या, आणि त्यातली एक विज्ञानाच्या सरांच्या कोपराने पडली होती, हे मी आजही ठणकावून सांगते. कोणती बाटली कोणत्या फळीवर आणि कुठल्या झाकणाला उघड्या हाताने शिवायचं नाही, हे मला झोपेतही सांगता येईल. विज्ञानात मात्र मी दहावीला नापास झाले होते. काठावर वगैरे नाही, चांगली आपटले होते.

त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण गेल्या वर्षी जुने प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावलं.

"मावशी, कामात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण त्या जागेला दहावीचं विज्ञान सुटलेलं लागतं. यंदा सुटलं तर जागा तुमची. नाहीतर नवा माणूस येईल आणि तुम्हाला कार्यालयात घ्यावं लागेल."

कार्यालयात म्हणजे फायली आणि घंटा. मला माझी मोरी सोडायची नव्हती. हसायचं तर हसा.

माझी लेक त्याच वर्षी दहावीला, त्याच शाळेत. बोलायला लागली की थांबत नाही म्हणून घरात तिला सगळे टिटवी म्हणतात. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती मास्तरीण व्हायची आणि मी विद्यार्थिनी. मास्तरीण कडक होती.

"आई, आम्लात आम्लारी टाकलं की काय होतं?"

"गुलाबी होतं."

"ते दिसतं गं. आत काय होतं?"

"मला काय ठाऊक! एकोणीस वर्षं मी ते मोरीत ओततेय. कोणी सांगितलं तर कळणार ना?"

मग तिने वही बाजूला सारली. "हे बघ. खाली पात्रात आम्ल, त्यात रंग बदलणारा दर्शक. वर ब्युरेटमध्ये आम्लारी, ते थेंब थेंब पडतं. दोघं एकमेकांना संपवत जातात. आम्ल पुरतं संपलं की पुढचा एक थेंब शिल्लक राहतो. त्या एका थेंबाने दर्शकाला रंग येतो."

मी ऐकलं आणि मला रडूच फुटलं. टिटवी घाबरली.

"अवघड आहे का? परत सांगू?"

"नाही गं," मी पदराने डोळे पुसले. "सोपं आहे. इतकं सोपं आहे, म्हणून."

तिने उठून माझ्या गळ्यात हात टाकले. पण मास्तरीण ती मास्तरीणच. लगेच म्हणाली, "रंग फिकट हवा, गडद झाला की थेंब जास्त पडले. आणि शेवटचं पात्र बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना दाखवून सही घ्यायची. त्याआधी कशाला हात लावायचा नाही."

"एवढं मला कळतं," मी म्हटलं. कळतं पण वळत नाही, ही म्हण माझ्यावरूनच पडली असणार.

प्रात्यक्षिकाची परीक्षा आमच्याच प्रयोगशाळेत होती. खिडकीजवळच्या टेबलाशी मी, माझ्या मागे दोन टेबलं सोडून टिटवी. परीक्षक बाई दुसऱ्या शाळेच्या, जाड चष्म्याच्या, मला न ओळखणाऱ्या. सुरुवात होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच एक मुलगी ओरडली, "मावशी, शुद्ध पाणी संपलं!" आणि मी उठून डबा आणायला निघालेसुद्धा.

"परीक्षार्थींनी जागा सोडायची नाही," बाई म्हणाल्या. सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि बसले.

त्यानंतर मात्र हात छान चालले. तीनदा थेंब थेंब पाडून अनुमापन केलं, तिन्ही वेळा ब्युरेटवरचा आकडा सारखा आला. उत्तरपत्रिकेत लिहिला. तिसऱ्या पात्रात असा फिकट गुलाबी रंग होता, की पांढऱ्या कागदावर ठेवल्याशिवाय दिसू नये. मला फार बरं वाटलं. झालं एकदाचं, मी मनात म्हटलं. आणि काम झाल्यावर मी एकोणीस वर्षं जे करत आले तेच केलं. टेबलालगतच्या मोरीत पात्र ओतलं, तीनदा खळबळलं, ब्युरेट धुऊन निथळायला स्टँडला उलटी लावली.

मागून टिटवीने श्वास ओढल्याचं ऐकू आलं. तेव्हा मला कळलं.

बाई माझ्यापाशी आल्या. "पात्र?"

मी धुतलेलं पात्र पुढे केलं. लखलखीत होतं.

"हे काय?"

"धुतलं," मी म्हटलं. "सवय आहे. मी इथे भांडी धुते."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. आवाज मऊ झाला, पण नियम झाला नाही. "बाई, पाहिल्याशिवाय मला सही करता येणार नाही. बारा मिनिटं उरलीत. पुन्हा करता येईल?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी खोड माझी जागा घेऊन चालली होती. पण हातांना काही सांगावं लागलं नाही. ब्युरेट सुलटी केली, आम्लारीने विसळली, भरली, टोकातला बुडबुडा काढला. पिपेटने मोजून पात्रात आम्ल घेतलं, दर्शकाचे दोन थेंब टाकले. आधीच्या आकड्यापर्यंत आले तेव्हा तोटी अगदी थोडी फिरवली. एक थेंब टोकाला लोंबत राहिला. तो पडला, आणि पात्रात फिकट गुलाबी छटा पसरून राहिली.

"बाई! लवकर या!"

त्यांनी पात्र पाहिलं, ब्युरेटवरचा आकडा पाहिला, माझ्या कागदावरचे तीन आकडे पाहिले. चारही सारखे. त्यांनी सही केली.

लेखी पेपरात पुढे मी जेमतेम सुटले आणि प्रयोगशाळा माझ्याकडे राहिली. पण मला आठवतं ते त्या दिवशीचंच. घंटा झाली, मुलं निघाली, सगळ्या टेबलांवर काच तशीच पडलेली. मी माझं पात्र उचलून मोरीकडे वळले, तर टिटवीने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"सोड, आई. आज तू परीक्षा द्यायला आली होतीस."

तिने नळ सोडला. पात्र दोनदाच खळबळलं आणि ठेवायला गेली.

"तीनदा," मी म्हटलं.

"हो गं बाई, तीनदा."

मी स्टुलावर बसून राहिले. माझे हात कोरडे होते, आणि ते कुठे ठेवायचे हे मला कळेना.