काळुरामच्या गाडीतल्या दोन जागा

"टाकलंत का हो काळुभावजींना पत्र?" नीरजाने स्वयंपाकघरातून विचारलं.

पत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. मी "टाकलं" म्हणालो.

काळुरामचं पत्र दिवाळीनंतर आठ दिवसांनी आलं होतं. हल्ली पत्र कोण पाठवतं, असं कुणीही विचारील. पण काळुराम मला पत्रच पाठवतो. "फोनवर तू नुस्ता हूं हूं करतोस, समोर बसलास की पुस्तकात बघतोस. तुझ्याशी बोलायचं कसं?" असं तो म्हणतो, आणि ते खोटं नाही. टपोऱ्या अक्षरात त्याने लिहिलं होतं:

"मास्तर यास काळूचा नमस्कार. आमच्या पोराने, नयनने, आत घर असलेली गाडी घेतली. कॅरावॅन बोलतात. आत झोपायचं, आत रांधायचं, संडास पण आत. माघ महिन्यात मी आणि आवडा कोकणात चाललो. नयन बोलतो, हायवेने जा. मला किनाऱ्याने जायचं, खाडी आली की बोटीत गाडी चढवायची. पण गाडी लांब हाय, बोटवाले बसचे पैसे लावतील. तू जन्मभर त्याच फायली बघितल्यास. पैसे कुठे कसे वाचतील ते लिहून काढ, आणि कागद घेऊन तूच ये. वहिनींना आण. दोन जागा ठेवल्यात."

मी मास्तर कधीच नव्हतो. कळव्याच्या शाळेत काळुराम माझ्या बाकावर बसायचा. पहाटे बापाबरोबर मिठागरात काम करून तो थेट शाळेत यायचा. त्याच्या पायांना मिठाने भेगा पडलेल्या असायच्या. त्याचं शुद्धलेखन मी तपासायचो, म्हणून मी मास्तर. पुढे त्याच्या शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. एका इमारतीचा सगळा वरचा मजला त्याचा. मी बंदर खात्याच्या ठाण्यातल्या कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली आणि डोंबिवलीत एका खोलीला दुसरी खोली जोडली.

माझ्या टेबलावरून फेरीबोटींच्या दरांचे प्रस्ताव जात. सायकल, मोटार, टेंपो, बस, गाई-म्हशी, शेळ्या दर नगी. शेळी आणि करडू यांना एकच दर का असू नये, यावर मी एकदा दीड पानाची टिप्पणी लिहिली होती, आणि साहेबांनी तिच्याखाली "छान" असा शेरा मारला होता. दिघी, बागमांडला, दाभोळ, जयगड, सगळ्या खाड्या मला पाठ होत्या. त्यांतली एकही मात्र पाहिली नव्हती. लग्न झालं त्या वर्षी मी नीरजाला म्हणालो होतो, "एकदा आपण किनाऱ्याने जाऊ. प्रत्येक खाडी बोटीने ओलांडत." मग आई अंथरुणाला खिळली, मग मुलीची दहावी, मग बारावी, मग माझा गुडघा. नीरजाने कधी आठवण करून दिली नाही. तिने आठवण करून दिली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

पत्रासोबत काळुरामने गाडीचा फोटो पाठवला होता. पांढरी गाडी, खिडक्यांना निळे पडदे, आणि दारातल्या पायरीवर लुगडं खोचून बसलेली आवडाबाई. नीरजा तो फोटो घेऊन खिडकीशी गेली. हसत हसत म्हणाली, "बघा की, ओटासुद्धा आहे आत! काळुभावजींना जगता येतं हो."

एवढंच म्हणाली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

उत्तर लिहायला मी त्याच दुपारी बसलो. तीन दिवस लिहीत होतो. खासगी नोंदणीचा कागद वर ठेव, म्हणजे बसचा दर लावता येणार नाही. बोट भरेपर्यंत थांब. घाई केलीस तर 'स्पेशल फेरी' म्हणून सगळ्या बोटीचे पैसे तुझ्या एकट्याकडून घेतील. आणि मुख्य म्हणजे भरती साधून जा. ओहोटीला धक्का उघडा पडतो, उतार वाढतो, लांब गाडीची शेपटी घासते, आणि मग स्पेशल फेरीवाचून गत्यंतर राहत नाही. प्रत्येक खाडीचा वेगळा तक्ता केला. चार पानं झाली. इतकं नेटकं काम मी नोकरीतसुद्धा केलं नसेल.

पाकिटावर पत्ता लिहिला आणि माझा हात थांबला. माझ्याकडे जन्मभरात एवढंच जमलेलं होतं, आणि तेही आता काळुराम त्या निळ्या पडद्यांच्या गाडीत घालून नेणार. नीरजा मागच्या बाकावर बसणार, खाडी बघून हरखणार, आणि म्हणणार, काळुभावजींमुळे बघायला मिळालं. मी शेजारी बसून कागद वाचून दाखवणार.

मी पाकीट खणात ठेवलं. उद्या टाकू, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नीरजाने विचारलं, आणि मी ते वर लिहिलेलं उत्तर दिलं.

"येतो म्हणून कळवलंत ना?"

"कळवलं."

तिने स्टेशनजवळून कॅनव्हासचे बूट आणले. साडीवर कसे दिसतात म्हणून आरशासमोर उभी राहून स्वतःलाच हसली. पौष गेला. माघ लागला. कळव्याहून निरोप नाही.

"मी फोन करून बघू का आवडावहिनींना?"

"नको. बोलावणं त्यांचं आहे. आपण होऊन विचारणं बरं दिसत नाही."

माघ संपला तेव्हा तिने ते बूट कामाच्या बाईंच्या मुलीला देऊन टाकले. "पैसा आला की माणूस बदलतो," ती म्हणाली. "काळुभावजींबद्दल मला असं वाटलं नव्हतं." मी वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर केली नाही. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी थोडं बरंही वाटलं.

परवा, चैत्रातल्या दुपारी, दाराची बेल वाजली. आवडाबाई आणि तिची सून भावना. आवडाबाईचे डोळे तपासायला डोंबिवलीच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या. पिशवीत वाल होते.

"वहिनी, बऱ्या हाव ना? जिना चरून माझा जीव गेला बगा! तुमची लिफ्ट कवा यायची?"

"आमचा सेक्रेटरी गेला की," नीरजा म्हणाली. पण ती नेहमीसारखी हसली नाही. पाणी आणलं, चहा टाकला, आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"माघात जाऊन आलात म्हणे कोकणात."

"आलाव ना. बारा दिस. पन तुमी काय आल्या नाय."

"बोलावलं असतंत तर आलो असतो."

"आगो बाय! पत्र नाय का पाठिवला? जवाब नाय आला, तर हे फोन करू देनात, बोल्ले मास्तर लिवूनच कलवील. तुमच्या दोन जागा रिकाम्या नेल्या आमी. हिची आई येनार व्हती," आवडाबाईने भावनाकडे बोट केलं. "नयन बोल्ला, रिकाम्या कशाला नेता? तर हे त्याच्यावर जाम तापले."

"खरंच, काकू," भावना म्हणाली. "माझी मम्मी अजून मला ऐकवते."

नीरजा हळू म्हणाली, "पण आम्ही येतो म्हणून कळवलं होतं. ह्यांनी पत्र टाकलं होतं."

आवडाबाई माझ्याकडे वळली. तिच्या एका डोळ्यात औषध घातलेलं होतं, त्यातून पाणी येत होतं. त्या ओल्या डोळ्याने ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मी कपातल्या चहाकडे बघत होतो.

"मंग पोष्टातच गेला आसंल," ती म्हणाली. "आजकाल पोष्टाचा काय खरा नाय. आमचा लाइटचा बिल पन येत नाय."

भावना काहीतरी बोलणार होती. आवडाबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

नीरजाचा चेहरा सैल झाला. तिने खुर्ची पुढे ओढली. "मग बोटींचे फार पैसे गेले असतील तुमचे. ह्यांनी सगळं लिहून दिलं होतं, कुठे कसे वाचवायचे."

"पैशे? नाय गो. कंच्या तिथीला पानी कवा भरतंय, कवा सुकतंय, ह्यांना तोंडपाठ. मिठागरात सगला जलम गेला. आष्टमीला चला, सकालच्याला चला, असा सांगून गारी बरोब्बर भरतीला चरवायचे. एक जेटीवाला बोल्ला, शेठ, तुमी आदी हितं कामाला होते काय?"

ती जोरात हसली. नीरजाही हसली. मग नीरजाने विचारलं, "मग ह्यांना कशाला विचारलं भावजींनी?"

आवडाबाईचं हसू थांबलं. पदराने डोळा टिपत ती म्हणाली, "आता काय सांगू. ते बोल्ले, मास्तर फुकट यायचा नाय. मानी मानूस. त्याला कायतरी काम देवला पायजे, मंग तो येल."

चहा झाला. निघताना नीरजाने पुढच्या वर्षी नक्की येऊ म्हटलं. आवडाबाई दारात चपला घालत होती.

"गारी आता जात नाय कुठं, वहिनी. नयननी कर्जतला नेऊन उबी केली. शहरातली लोका रातच्याला भारा देऊन झोपतात तिच्यात. चाका पन कारलीत. आनी ह्यांना पन आता दम लागतो."

दोघी गेल्या. नीरजाने कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. वाल सुपात ओतले आणि माझ्यासमोर निवडायला बसली.

"नव्हतं टाकलं," मी म्हणालो.

तिचा हात चालू होता. "कळलं मला. आवडावहिनींनी तुमच्याकडे बघितलं तेव्हाच कळलं. त्यांच्यासमोर मी खुर्ची पुढे ओढली, दुसरं काय करणार होते?" एक किडका वाल बाजूला टाकून म्हणाली, "का?"

मला उत्तर माहीत होतं. मी सुपातला एक वाल उचलला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी जे काही महत्त्वाचं बोललो, ते बहुतेक चिठ्ठीवर लिहूनच बोललो आहे.

"मी त्या माणसाला नावं ठेवली," ती म्हणाली. "तुमच्यासमोर. दोन महिने. आणि तुम्ही ऐकत होतात."

सूप उचलून ती आत गेली.

मी खणातलं पाकीट काढलं. ती चार पानं पुन्हा वाचली. अक्षर सुरेख होतं. एके ठिकाणी लाल शाईने अधोरेखित केलं होतं: भरती साधून जाणे. ज्याचा बाप भरतीच्या पाण्यावर जगला त्याला मी हे लाल शाईने सांगत होतो. पानं फाडली नाहीत. बाजूला ठेवली. कोरा कागद घेतला. "प्रकृती बरी नसल्यामुळे" असं लिहिलं आणि तो कागद टाकून दिला. दुसऱ्यावर लिहिलं:

"काळू, तुझं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मी उत्तर टाकलं नाही. यात पोस्टाची चूक नाही, आवडावहिनींनी माझ्यासाठी तसं म्हटलं. मला तुझा हेवा वाटला. तो आज वाटू लागलेला नाही, फार जुना आहे. नीरजाला यातलं काही माहीत नव्हतं, ती यायला तयार होती. तू जागा रिकाम्या नेल्यास, हे मला आज कळलं. तुला दम लागतो असं ऐकलं. मी कळव्याला येऊ का? नको म्हणालास तरी चालेल. त्र्यंबक."

नीरजाला वाचायला दिलं. तिने घेतलं नाही. "ते त्यांचं आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी मी पाकीट घेऊन पायात चपला सरकवल्या. तिने गॅस बंद केला, केसांवरून हात फिरवला आणि किल्ली घेतली.

"तुला बाजारात काही आणायचंय का? मी आणतो."

"नाही. मी येते."

माझा गुडघा दुखत होता, म्हणून ती सावकाश चालत होती. बँकेच्या कोपऱ्यावर टपालपेटी आहे. तिच्यापुढे कुणीतरी स्कूटर लावून ठेवली होती. मी स्कूटरवरून वाकून हात पुढे केला, पाकीट फटीत घातलं आणि सोडलं.

नीरजा स्कूटरच्या पलीकडे उभी होती. पाकीट आत पडेपर्यंत तिने माझ्या हातावरची नजर काढली नाही.