लवूची लादाईन

पाण्याला मी भिते हे अख्ख्या देवबागेला ठाऊक होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे ही एवढीशी रेती, आणि तिच्यावर राहून पाण्याला भिणारी मी पिदाद! बायका हसायच्या. हसू देत मेल्या. त्यांचे घोव रोज घरी यायचे. माझा बस्त्यांव संगमावर, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे होडीसकट गेला, तो सापडलासुद्धा नाही. तेव्हापासून होडीत पाय ठेवला नव्हता. संगमाकडची खिडकी मी खिळे मारून बंद करून टाकली. त्याचं नावही तोंडातून निघेना.

लादाईन म्हणणंही सोडलं. आधी मे महिन्यात वाडीतल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, सगळे जमायचे. येशूच्या आईचं, मारियेचं, एकेक नाव मी घ्यायची आणि बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे आमच्यासाठी विनव. बस्त्यांव गेला त्या दिवशी किनाऱ्यावर उभी राहून मी सगळी नावं घेतली होती. उत्तर कुणीच दिलं नाही. मग घसा कोरडा कशाला करायचा?

पाद्री घरी येऊन सांगायचे, “भिऊ नको, असं देवदूतानेच मारियेला सांगितलंय.” मी म्हणायची, “पाद्रीबाब, देवदूताक पंख होते. तेका होडयेत बसूचा नव्हता.”

माझी सून रेजिन गोव्याची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ती गोव्याच्या सत्याग्रहानंतरची वर्षं, पोर्तुगिजांची हद्द बंद. तिची आई इकडे येऊ शकेना, ही तिकडे जाऊ शकेना. मुलगा कैतान आगबोटीवर कामाला, दूर कुठेतरी. नारळी पुनव होऊन गेली होती, पण समुद्र अजून खवळलेलाच होता. अशात एका दुपारी तिला कळा लागल्या. शेजारची हौसाबाई आली, पोटावर हात ठेवला आणि पुन्हा पुन्हा चाचपून बघितलं.

“काय गो?” मी विचारलं.

“पोर आडवा आसा, पिदाद. ह्या माझ्या हातातला काम नाय. नर्मदेकडे न्हे.”

नर्मदा सुईण खाडीपलीकडे कोरजाईला, आणि ती पाय मोडून खाटेवर. म्हणजे हिलाच तिच्याकडे न्यायचं. रेतीतून बैलगाडीने मालवण गाठेपर्यंत पोरीचा जीव जायचा. राहिली होडी.

“हौसाबाय, तू जा हिच्यावांगडा,” मी म्हटलं. पण रेजिनने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

“माय, तूच ये गो. तू नाय तर मी जावचंय नाय.”

नाही म्हणावं तर दोन जीव जातात, हो म्हणावं तर माझेच पाय उचलत नाहीत. गेले शेवटी. कशी गेले ते माझं मला ठाऊक.

खाडीवर होडी चालवणारा लवू तारी धक्क्यावर एकटाच होता. त्याचा जोडीदार धोंडू तापाने फणफणलेला. लवूने आभाळाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, “सुकती लागली हा. पाणी भायर दर्यात वडता. मी वल्ही मारतंय, सुकाणू तुका धरूक व्हया.”

“माका?”

“मगे कोणाक? संगमाकडे माझी पाठ आसतली. लाट इली काय सांग, नि होडयेचा तोंड तेच्याकडे फिरव.”

म्हणजे ज्या जागेकडे मी खिडकीतूनही बघत नव्हते, तिथेच टक लावून बसायचं होतं.

निघालो. अर्ध्या खाडीत ओढ लागली. लवू कोरजाईकडे ओढतोय आणि होडी सरकतेय संगमाकडे. मी सुकाणू धरलं होतं, पण डोळे घट्ट मिटलेले. धाडकन लाट आडवी बसली. घोट्याएवढं पाणी आत आलं. रेजिन किंचाळली.

“डोळे उघड गो, मरतलंव सगळे!” लवू ओरडला.

“माय,” रेजिन कण्हत म्हणाली, “लादाईन म्हण.”

डोळे उघडले. समोर पांढरा फेस उसळत होता, तीच जागा. मी सुकाणू दोन्ही हातांनी करकचून धरलं, फिरवायचं सुचेना. मी पहिलं नाव घेतलं. उत्तर नाही, रेजिनला दमच नव्हता. दुसरं घेतलं. नुसता वारा. तो किनारा, तो दिवस, तेच सगळं परत आलं. बाई गं, आता हीपण जाते, असं वाटून मी रडत रडत तिसरं नाव घेतलं.

“व्हय म्हाराजा!”

लवू! देवळात गाऱ्हाणं घालताना जसे सगळे म्हणतात, तसा तो वल्हं ओढत खच्चून ओरडला होता.

त्या भीतीतही माझं डोकं फिरलं. “मेल्या, ही लादाईन आसा, गाऱ्हाणा न्हय! ओरा प्रो नोबिस म्हण!”

“ता माझ्या तोंडात बसणा नाय. तू सांगतंस तेका कोणीतरी व्हय म्हणूक नको? तू नावा घे!”

मी घेतली. नाव घेतलं की व्हय म्हाराजा, आणि व्हय म्हाराजा म्हटलं की वल्हं. हसू की रडू समजेना. एवढी वर्षं मी धरून बसले होते की माझं कुणी ऐकलं नाही, आणि देवाने होकार पाठवला तो ह्या लवूच्या तोंडून! देवाच्या घरी माणसांची काय वाण पडली होती? भीती गेली नाही हो. पण ती पोटात राहिली, हातात उतरली नाही. “लाट!” मी ओरडायची, होडीचं तोंड फिरवायची, पुढचं नाव घ्यायची. नावं संपली, मी पहिल्यापासून सुरू केली. होडीखाली कोरजाईची रेती करकरली तेव्हा लवू वल्ह्यांवर पडून धापा टाकत होता.

नर्मदेने खाटेवरूनच पोर फिरवलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

रेजिन उठू-बसू लागल्यावर बाप्तिस्म्यासाठी आम्ही परत निघालो. पाणी शांत होतं, धोंडूही बरा होऊन आला होता, तरी पाय ठेवताना मी लवूचा खांदा घट्ट धरला. नात पदरात घेऊन मी मुद्दाम संगमाकडे तोंड करून बसले. आपणहून नावं घ्यायला लागले. लवूचं ‘व्हय म्हाराजा’ चालूच होतं, धोंडू तोंड दाबून हसत होता.

सगळी नावं झाली. मग त्या फेसाकडे बघत मी म्हटलं, “माझ्या बस्त्यांवाक तुझ्याकडे ठेव गो मारिये माये.”

धोंडूचं हसू थांबलं. लवूने वल्हं पाण्यात घातलं.

“व्हय म्हाराजा,” तो हळूच म्हणाला.

ह्या खेपेला मी त्याची चूक काढली नाही.