सुकलालचे दोन्ही हात

कोसाडच्या कामगार वसाहतीत आपल्याला फसवील असा माईचा लाल जन्मायचाय, असं सुभद्राबाईला वाटे. आता मात्र नवराच फसवतोय, अशी तिची खात्री झाली होती.

सुकलालला मेंदूचा झटका येऊन दोन महिने झाले. चाल सुधारली, बोलणं आलं. पण अठरा वर्षं कापडाचा लूम चालवलेल्या या माणसाला तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना. डॉक्टर म्हणाले, इजा मेंदूच्या डाव्या बाजूला आहे. ताकद शाबूत आहे, पण काम करायचं कसं, ते दोन्ही हात विसरलेत. झालं! सुभद्राबाईला तिथंच संशय आला. सासऱ्याचा अर्धांगवायू तिने पाहिला होता. एक अंग जातं, दुसरं राहतं. दोन्ही हात एकदम कसे विसरतील?

तिने पाळत ठेवली. ‘कंगवा कसा धरतात, दाखवा बरं,’ म्हटलं की तो कंगवा नुसता उलटासुलटा करत बसे. आणि तंबाखूची डबी हाती आली, की न सांगता चुना लावून, मळून, चिमूट ओठात!

‘तंबाखूले बरा हात चालतस तुमना,’ ती म्हणाली.

‘आपोआप व्हस, पन कोनी सांगं का मना हात ऐकत नही,’ तो पुटपुटला.

सोंग! दुसरं काय? तिने कारखान्यातल्या मगन मुकादमाला परस्पर फोन केला. ‘ते धडधाकट आहेत. सोमवारी येतील.’ कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. चालत्या लूमपुढे उभं केलं, की सोंग आपोआप उतरेल.

रविवारी दुपारी ती भाजीला म्हणून निघाली आणि चपला हातात घेऊन जिन्यातूनच परतली. दाराच्या फटीला डोळा लावला.

सुकलाल जमिनीवर बसला होता. जुन्या लुंगीचे धागे उसवून त्याने ढीग केला होता. दोन टोकं जुळवी, बोटं भलतीकडेच वळत, टोकं सुटत. मग डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून वाकवी. पुन्हा सुटत. बघायला कुणी नव्हतं. सोंग करायचं तरी कुणापुढे?

सुभद्राबाईने चपला खाली ठेवल्या. ती आत गेली.

‘मगनना फोन उना व्हता,’ तो वर न बघता म्हणाला. ‘तू त्याले सांगी दिधं, का मी बरा शे. मंग उद्या जमालेच पाहिजे ना.’

तिला रडू फुटलं. तशीच तिने फोन लावला.

‘मगनभाऊ, ते येणार नाहीत. खोटं मी बोलले.’