पित्ताची गोळी

आमच्या वडगावात साड्यांच्या मागांच्या खडखडाटात कुणी कुणाशी बोलत नाही. त्यामुळं गप्प माणूस म्हणजे गुणाचा माणूस, हे ठरलेलं. माझा जोतिराम गप्प झाला तेव्हा मी गल्लीभर मिरवलं, "पोरगं सुधारलं!"

मग एक दिवस बघते तर काय, धागे तुटलेले, साडीत फट पडत चाललेली आणि हा समोर उभा राहून नुसता बघतोय. विणकराचा हात झोपेतसुद्धा तुटल्या धाग्याकडं जातो. मी तोंडानंच झोडपला त्याला. सून राजेश्वरी म्हणाली, "आत्या, डॉक्टरला दाखवूया."

"आळसाचा डॉक्टर निघालाय व्हय बेळगावात?"

अंगारा झाला, लिंबू झालं. खानापूरच्या नणंदेनं फोनवर सांगितलं, "हसत राहा म्हणावं." ही बया स्वतःच्या लग्नात हसली नव्हती.

एका सकाळी भाकरी सरकवून जोतिराम म्हणाला, "आई, मी नसलो तरी माग चालंल."

रिक्षा मीच बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "झोप लागते?"

मी म्हटलं, "लागते की, म्हशीसारखी!"

"जेवण?"

"माझ्या हातचं कोण सोडतंय?"

"आजी, पेशंट कोण? तुम्ही जरा बाहेर बसा."

मला! बाहेर! बाहेरच्या बाकावरनं उठून भांडणारच होते, तेवढ्यात आतनं जोतिरामचं रडणं ऐकू आलं. बसले.

नंतर बाईंनी सांगितलं, हे डिप्रेशन. आजार आहे, आळस नव्हे. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील, मनानं बंद करायची नाही, आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

गल्लीत मी सांगितलं, पित्ताची गोळी. आमच्या घराण्यात मन आजारी पडायची पद्धत नाही.

हळूहळू भाकरी पोटात जायला लागली. एकदा तर तो माझ्यावर खेकसला, "आई, जरा गप बस की!" मी देवापुढं साखर ठेवली.

आणि काल शेजारची बायाक्का आली. हिच्या कानात पडलेलं संध्याकाळी पार पिरनवाडी गावात पोचतं.

"आक्का, ती पित्ताची गोळी एक दे की गं. आमचा पोरगा राजकुमार भिंतीकडं तोंड करून पडतोय. जेवत न्हाय. म्हणतोय, माझ्यावाचून तुमचं काय अडतंय?"

घराण्याचा तोरा एकदाचा गिळला मी.

"पित्त न्हाय गं ते. जोतिरामचं मन आजारी हुतं. आणि एकाची गोळी दुसऱ्याला चालत न्हाय."

तिचे डोळे चमकले. "म्हंजे येड्याच्या डॉक्टरकडं?"

"व्हय. सांग जा गल्लीला, पण परत आल्यावर. आदी पोराला चप्पल घालायला लाव, मी रिक्षा थांबवते. आणि तिथं बाहेर बसा म्हटलं, तर गुमान बाहेर बसायचं!"