लाभ, दोन, तीन

मी एक जुनी अधोली आहे. धान्य मोजायचं पत्र्याचं माप! शिनोलीला सोमाजीबाबांच्या घरी राहते. मित्रांनो, आज माझ्या अंगावर पोचे आहेत, पण एके काळी खळ्यावर माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. भात मोजताना बाबा कधीच 'एक' म्हणायचे नाहीत. पहिल्या मापाला मोठ्याने "लाभ!" म्हणायचे, मग दोन, तीन. शेवटी माझ्या तळाशी मूठभर भात ठेवायचे. माप रिकामं ठेवू नये ना!

मग वजनकाटा आला आणि मी कोनाड्यात गेले. तो राग मी गिळला, कारण बाबांची नात इंद्रायणी माझ्यात विषयांच्या चिठ्ठ्या टाकू लागली. उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धेची तयारी! चिठ्ठी काढायची, दोन मिनिटं विचार, तीन मिनिटं बोलणं. श्रोते दोनच, बाबा आणि मी.

आणि मग घरात मोबाईल आला. काळा, गुळगुळीत! त्यात चाळीस तयार भाषणं. इंद्रायणी ती पाठ करत सुटली. त्याला ओढणीने पुसायची हो! मला कधी पुसलं? मी नुसती जळत होते. 'फजिती होऊ दे हिची,' असंही मनात आलं.

"पोरी, पाठ केल्यालं उत्स्फूर्त कसं गं?" बाबांनी विचारलं.

"तुमाला नाय कळायचं, बाबा. चाळीसातला एक येणारच!"

स्पर्धा तिच्याच शाळेत होती. चिठ्ठ्यांसाठी बाईंनी तिला भांडं आणायला सांगितलं, म्हणून मी थेट स्टेजवर! मोबाईल मात्र स्पर्धा संपेपर्यंत बाईंच्या पिशवीत. काय गार वाटलं म्हणून सांगू!

इंद्रायणीने चिठ्ठी काढली. 'पहिला नंबर'. चाळीसात नव्हता. दोन मिनिटं संपली तरी ती माईकपुढे गप्प. कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली.

"लाभ!" ती ओरडली. परीक्षकही दचकले. "आमच्या घरी एक नंबर नसतोच! माझे आजोबा पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत..."

घंटा वाजेपर्यंत ती थांबली नाही.

"कितवी आलीस?" संध्याकाळी बाबांनी विचारलं.

"दुसरी. पहिला कळंबचा मोहित."

"त्याचा लाभ झाला, तुझं दोन. रास अजून लई पडलीय, पोरी!"

इंद्रायणीने बक्षिसाचा फोटो काढला. मोबाईलनेच! फोटोत मी नाही. जळते मी अजून, खोटं कशाला बोलू? पण रात्री तिने मला ओढणीने पुसलं आणि कोऱ्या चिठ्ठ्यांनी काठोकाठ भरलं. विषय आता तिची तीच लिहिणार आहे.

मित्रांनो, मोबाईल खुशाल वापरा. फक्त घरातलं माप रिकामं ठेवू नका.